जांगडावर आलेलं भाषाशास्त्र

भाषाशास्त्र म्हणजे काय, असा साधा प्रश्न कडोलीच्या त्या सभेत एखाद्यानं जरी विचारला असता, तरी मारुतीराव मास्तर पुढच्या सगळ्या घोळातून वाचले असते. पण कडोलीकर पडले सज्जन. गावात नवं वाचनालय निघालेलं, शहापुरातून पाहुणे आलेले, गुळाचा चहा झालेला. अशा वेळी वक्त्याला अडचणीत आणणं त्यांना बरं वाटलं नाही. त्यामुळे मारुतीरावांनी टेबलावर मूठ आपटून "आपल्या ट्रेनिंग वर्गात भाषाशास्त्र शिकवलं गेलंच पाहिजे!" असं बजावलं, तेव्हा नुसत्या टाळ्या पडल्या. हा शब्द त्यांनी पुण्याला एका व्याख्यानात शेवटच्या रांगेत बसून ऐकला होता आणि तो त्यांना फार आवडला होता. त्या शास्त्राशी त्यांची ओळख एवढीच.

टाळ्या वाजवणाऱ्यांत अध्यक्ष भावकूशेठही होते, हे मात्र वाईट झालं. भावकूशेठ म्हणजे शहापुरातले लुगड्यांचे बडे व्यापारी आणि मारुतीराव जिथं शिकवत त्या हायस्कुलाचे चेअरमन. संस्थेनं प्राथमिक शिक्षकांसाठी नुकताच ट्रेनिंग वर्ग काढला होता आणि त्याला मास्तर नेमायचा होता.

"मास्तर, बोललासा ते लई आवडलं मला," परतीच्या टांग्यात शेठ म्हणाले. "तो वर्ग तुमीच घ्या. फकस्त त्या शास्त्राचं एक पुस्तक निवडा, अगदी सुरवातीचं, आणि कमिटीपुढं ठेवा. कमिटीला पटलं की जागा तुमची."

मारुतीराव "व्हय व्हय" म्हणाले खरे, पण पुस्तक निवडायचं म्हणजे ते आधी समजायला लागणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते शहापूरच्या हातमागवाल्यांच्या गल्लीतले. बाप, आजा, चुलते, सगळ्यांचा जन्म मागावर गेला. गल्लीतून मास्तर झालेले हे पहिलेच, आणि तेही ड्रिल आणि ड्रॉइंगचे. मास्तरांना शिकवणारा मास्तर व्हावं ही त्यांची फार जुनी इच्छा. ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती, कारण बायकोला सांगितलं असतं तर आईला कळलं असतं, आणि आईला कळलं असतं तर गल्लीनं दुसऱ्याच दिवशी त्यांचा सत्कार केला असता. त्यात कमिटीवर बसणाऱ्या हेडमास्तरांना ही जागा आपल्या पुण्याच्या एम. ए. झालेल्या भाच्याला मिळवून द्यायची होती, हेही शाळेत सगळ्यांना माहीत होतं.

"पुस्तकं मीच मागवतो पुण्यास्नं," शेठ म्हणाले. "जांगडावर."

आता जांगड म्हणजे काय ते शहापुरात कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगितलं पाहिजे. लुगड्यांचा गठ्ठा घरी येतो. बायका बघतात, हात फिरवतात, पसंत पडेल ते ठेवून घेतात, बाकीचा माल परत जातो. कागद नाही, सही नाही, सगळा कारभार शब्दावर. नियम दोनच. घडी मोडली की माल तुमचा. आणि घडीला हळदकुंकू लावलं की माल तुमचा. हे नियम मोडून लुगडं परत पाठवणाऱ्या घरी पुढं कुणी सोयरीक घेऊनसुद्धा जात नसे. पुण्याच्या पुस्तकवाल्याला यातलं किती कळलं देव जाणे, पण भावकूशेठची पत मोठी होती. त्यानं तीन पुस्तकं धाडून दिली.

गठ्ठा बेळगाव स्टेशनावर उतरला. मारुतीराव स्वतः सायकलवर गेले आणि तो कॅरियरला बांधून निघाले. शहापूर त्या वेळी सांगली संस्थानात आणि बेळगाव इंग्रजाचं, त्यामुळे मध्ये जकातीचा नाका. रोज रिकाम्या हातानं येणाऱ्याजाणाऱ्या मास्तरांना नाकेदार रामराम करायचा. आज त्यानं हात आडवा घातला.

"काय हाय गठ्ठ्यात?"

"पुस्तकं."

"गठ्ठा कापडात बांदलेला, वर भावकूशेठचं नाव, आणि आत पुस्तकं?" नाकेदारानं गठ्ठा सोडायला लावला. आत खरोखरच पुस्तकं निघाली तसा तो अधिकच गोंधळला. "कसली वं?"

"भाषाशास्त्राची."

नाकेदाराच्या यादीत गूळ होता, तंबाखू होती, कापड होतं, औषधं होती. त्यानं यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. "शास्त्र म्हंजे औषधातच धरायला पायजे. ह्या शास्त्रानं काय बरं होतंय?"

"काहीच बरं होत नाही," मारुतीराव ताठ मानेनं म्हणाले.

"मग त्येला शास्त्र कशाला म्हनत्यात?"

मागं गाड्या तटल्या. निपाणीचा एक तंबाखूवाला आपल्या गाडीवरून उतरून मध्यस्थीला आला. "मास्तर, धर्माची पुस्तकं हाईत म्हना की! धर्माला सोडत्यात." शिकल्यासवरल्या माणसानं शास्त्राला धर्म म्हणायचं म्हणजे काय, असं मारुतीरावांना वाटलं आणि ते बाणेदारपणे उन्हात उभे राहिले. बाणेदारपणा बराच वेळ टिकला. मग घाम सुटला, तंबाखूच्या वासानं शिंका सुरू झाल्या, आणि शेवटी त्यांनी हळू आवाजात "धर्माची आहेत" असं सांगितलं. नाकेदारानं पुस्तकांना हात लावून नमस्कार केला आणि दांडी वर केली.

घरी पोचेपर्यंत गल्लीला खबर लागलेली. भावकूशेठच्या नावाचा गठ्ठा म्हणजे लुगडी, यात कुणालाच शंका नव्हती. मारुतीरावांची बायको इंदुताई दारात यायच्या आधी शेजारच्या अक्काताई आणि आणखी चार-सहा जणी बाहेरच्या सोप्यावर बसून होत्या. गठ्ठ्यातून पुस्तकं निघाली तेव्हा सगळ्यांचे चेहरे पडले, पण आलोच आहोत तर बघून जाऊ, असा विचार त्यांनी केला. पुस्तकं कशासाठी आणि जागा कसली, ते मारुतीरावांना आता सांगावंच लागलं. पुस्तकं हातोहात फिरली.

एक मराठी होतं, पातळ, तपकिरी पुठ्ठ्याचं. एक इंग्रजी, निळ्या कापडी बांधणीचं. तिसरं मात्र भलतंच जाडजूड, वर सोनेरी अक्षरं, आणि ती अक्षरं मारुतीरावांनासुद्धा लागेनात. पहिल्या पानावर बर्लिन एवढा एकच शब्द त्यांना कसाबसा ओळखीचा वाटला. पुण्यात जे जर्मन पुस्तक कुणी घेत नव्हतं, ते दुकानदारानं संधी साधून शहापूरला पाठवलेलं दिसत होतं.

"ह्ये घ्या मास्तर," अक्काताई त्या जर्मन पुस्तकाच्या सोनेरी अक्षरांवर अंगठा फिरवत म्हणाल्या. "जर बरी हाय ह्येची. ते निळं लवकर विटंल."

खरी अडचण त्यानंतर उघडकीला आली. त्या काळी बरीचशी पुस्तकं पानं न कापताच यायची. छापलेला मोठा कागद दुमडून शिवलेला असे; काही पानं वरून जोडलेली, काही बाजूनं. वाचणाऱ्यानं चाकू घेऊन ती सोडवायची. म्हणजे पुस्तकालाही घडी असायची, आणि भावकूशेठनी निरोपच धाडला होता: घडी मोडू नका.

चाकू न लावता पुस्तक वाचायचं कसं, हे मारुतीरावांनी पुढचे काही दिवस करून बघितलं. दोन पानं सरळ वाचायला मिळत. पुढची दोन एकमेकांना चिकटून पोटात. ती वाचायची तर पानांची सुरळी करून, एक डोळा मिटून, दुसरा त्या बोळात घालावा लागे. इंदुताई उजेडाकडे पुस्तक धरून उभी राही आणि तिच्या हाताला रग लागली की शास्त्र अंधारात जाई. निळ्या पुस्तकात एका पानाच्या तळाशी लिहिलेलं होतं की जगातल्या सगळ्या भाषा मुळात… पुढची पानं बंद. त्यानंतर दिसणाऱ्या पानाची सुरवात अशी होती की ही चूक नवशिके नेहमीच करतात. चूक कोणती ते काही मारुतीरावांना दिसलं नाही, पण ती आपण नक्की करत असणार याची त्यांची खात्री पटली.

शेजारचा जोतिराम मागावरून उठून बघायला आला. "काय बघायलाय मास्तर? मुंगी शिरली का काय आत?"

"वाचायलोय, अण्णा."

जोतिरामला दया आली. तो घरी गेला आणि मागाच्या फणीतून सूत ओढायची पातळ पत्र्याची पट्टी घेऊन आला. "ह्येनं पान जरा फाकवा. सुताला धक्का लागत न्हाय, तर कागदाला कसा लागंल?" पट्टी आत गेली, पान फाकलं, आणि कुठंतरी टर्र असा बारीक आवाज झाला. दोघांनीही पुस्तक उलटसुलट करून बघितलं. फाटला होता तो जोतिरामच्या सदऱ्याचा काखेतला जोड. पण त्या आवाजानं मारुतीरावांच्या तोंडचं पाणी पळालं आणि त्यांनी पट्टी परत दिली.

तरी निळं पुस्तकच त्यांना त्यातल्या त्यात बरं वाटू लागलं होतं. तेच कमिटीपुढं ठेवावं असा बेत करून, मधल्या सुट्टीत आणखी एखाद-दोन पानांत डोकावावं म्हणून ते पुस्तक घेऊन शाळेत गेले, आणि तिथं हेडमास्तरांनी ते बघितलं.

"हं! हे चाळतो मी," हेडमास्तर म्हणाले. "मीटिंगला घेऊन येईन."

"सर, पण घडी…"

"कसली घडी?"

"जांगडाचा माल आहे, सर. पानं कापायची नाहीत. कापली की माल अंगावर पडतो."

"मारुतीराव," हेडमास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "पुस्तक आणि लुगडं यात फरक असतो, हे ड्रिलच्या मास्तरला माहीत नसलं तरी मला माहीत आहे." स्टाफरूममध्ये तिघं-चौघं हसले. मारुतीरावांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या, पण हेडमास्तरांच्या हातून पुस्तक ओढून घेणार कसं? ते तसेच पी. टी.च्या तासाला गेले आणि त्या दिवशी मुलांना त्यांनी विनाकारण फार पळवलं.

घरी येऊन बघतात तर दुसराच प्रकार. त्यांची आई बायाक्का देवापुढून उठत होती. देवांच्या पुढ्यात ते जर्मन पुस्तक उभं केलेलं, त्यावर जास्वंदीचं फूल, आणि सोनेरी अक्षरांच्या बरोबर मधोमध हळदीकुंकवाची दोन ठसठशीत बोटं.

"आई! ह्ये काय केलीस?"

"सरस्वती न्हवं व्हय रं ती?" बायाक्का म्हणाली. "एवढी जाड सरस्वती घरात आली, आणि तिला रिकाम्या कपाळानं ठेवू? तुझ्या जागेसाटी मागणं मागितलं."

"पण जांगड! आता ह्ये आपल्या गळ्यात पडलं की गं!"

बायाक्काच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. जन्मभर जांगडाचे नियम पाळलेली बाई. तिच्या हातून आजवर एका लुगड्याला चुकून कुंकवाचं बोट लागलं नव्हतं. ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. मारुतीरावांना मग आपल्यापेक्षा तिचंच वाईट वाटलं. इंदुताईनं ओल्या फडक्यानं कुंकू पुसून बघितलं, तर ते पसरून पुस्तकाचा निम्मा पुठ्ठा लाल झाला. गल्लीतून एकेक सल्ला येऊ लागला. लिंबू लावा. दही लावा. अक्काताईंनी रिठे आणून दिले. शेवटी इंदुताईनं सगळ्यांना हाकलून दार लावून घेतलं.

कमिटी बसली ती शाळेच्या हॉलमध्ये. मध्ये भावकूशेठ, एका बाजूला हेडमास्तर, दुसऱ्या बाजूला केदारीअण्णा. केदारीअण्णांचा कणकुंबीकडं लाकडाचा धंदा; मराठी, कानडी, कोकणी तिन्ही भाषांत ते सारख्याच सहजतेनं डुलक्या काढत. मारुतीरावांनी टेबलावर मराठी पुस्तक ठेवलं आणि त्याच्या शेजारी जर्मन पालथं घातलं. जागा गेली, अब्रू गेली, आता निदान लवकर संपू दे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

केदारीअण्णांनी मराठी पुस्तक उचललं. "ह्ये मराठीचं का? मराठी आपल्याला येतंय की. येतंय ते परत कशाला शिकायचं?" शेठना हे पटलं. मराठी पुस्तक घडीसकट परत जायचं ठरलं.

मग शेठनी जर्मन पुस्तक उताणं केलं.

"कुंकू लागलंय," शेठ म्हणाले.

"आईनं लावलं, शेठ. तिला वाटलं सरस्वती हाय."

भावकूशेठनी दोन्ही हातांनी पुस्तक कपाळाला लावलं. "मग ह्ये संस्थेनं घेतलं. म्हातारीनं लावलेलं कुंकू पुण्याला परत धाडायचं न्हाय." ते पुस्तक शाळेच्या कपाटात अजून आहे म्हणतात, आणि खंडेनवमीला प्रयोगशाळेच्या तराजूबरोबर त्यालाही हार पडतो.

"पण ते जर्मन आहे!" हेडमास्तर उसळून म्हणाले. "इथं कुणाला वाचता येतं ते? मारुतीराव, तुम्ही वाचलंत? ते जाऊ दे. या तिन्हींपैकी एकतरी पुस्तक तुम्ही पूर्ण वाचलंय का? कमिटीपुढं खरं सांगा."

मारुतीराव उभे राहिले. थाप मारायचं एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं. पण नाक्यावर धर्माची थाप मारून झाल्यापासून त्यांचा जीव त्यात रमत नव्हता.

"न्हाय सर," ते म्हणाले. "एकही न्हाय. मिटलेली पानं वाचताच आली न्हाईत. शेठनी घडी मोडू नका म्हणून सांगितलं होतं."

"ऐकलंत?" हेडमास्तरांनी विजयानं सगळ्यांकडे बघितलं. "न वाचता पुस्तक निवडणारा शिक्षक! मी मात्र हे इंग्रजी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून आलो आहे." आणि त्यांनी निळं पुस्तक हातात धरून अंगठ्यानं पानं फर्रकन सोडली.

तो आवाज ऐकून भावकूशेठ सावरून बसले. "दाखवा बघू." त्यांनी पुस्तक घेतलं आणि लुगड्याच्या काठावर फिरवावा तसा कडेवरून हात फिरवला. "घडी कुणी मोडली?"

"मी मोडली. चाकूनं. पुस्तक वाचायचं तर…"

"मास्तरांनी सांगितलं न्हवतं?"

"सांगितलं होतं. पण पुस्तक आणि लुगडं यात…"

"जांगडात फरक न्हाय," शेठ म्हणाले. "ह्ये तुमचं झालं."

हेडमास्तरांनी केदारीअण्णांकडे आधाराला बघितलं. अण्णा पुरते जागे झाले होते. "व्हय," ते म्हणाले, "घडी मोडली म्हंजे तुमचंच. त्येला इलाज न्हाय."

"पुण्याच्या दुकानदाराला मी शब्द दिलता," शेठ सांगू लागले. "कागुद न्हाय, सही न्हाय. ह्यो माणूस माल घरात घेऊन बसलेला. सगळी जागा त्या पुस्तकावर अडकलेली. मोडली असती घडी, तर कोण बघायला गेलतं? एका डोळ्यानं वाचत बसला, गल्लीनं बघितलंय, पण शब्द मोडला न्हाय. मास्तर लोकांना शिकवायला मला असलाच माणूस पायजे. वर्ग मारुतीरावांचा."

मारुतीरावांनी टेबलाला हात लावून नमस्कार केला. मग वाचून झालेलं पुस्तक घरी ठेवून करायचं काय, असा व्यवहारी विचार करून हेडमास्तरांनी ते संस्थेला भेट दिल्याचं जाहीर केलं. शेठनी मनापासून आभार मानले.

"म्हंजे वर्गाला ह्येच पुस्तक लावू," ते म्हणाले. "सुरवातीचंच हाय न्हवं?"

"अगदीच सुरवातीचं," हेडमास्तर नाक वर करून म्हणाले.

घरी बातमी गेली तेव्हा बायाक्कानं पहिल्यांदा पुस्तकाचं विचारलं. संस्थेनं घेतलं, परत जाणार नाही, हे कळल्यावर तिनं देवापुढं साखर ठेवली आणि मग मुलाच्या जागेचं विचारलं. गल्लीनं सत्कार करायचा तो केलाच. जोतिरामनं नवा सदरा घालून भाषण केलं. मारुतीराव हसत होते, हार घालून घेत होते, पण मनातली धाकधूक काही जाईना. जागा मिळाली हो, पण शिकवायचं काय? शास्त्राचा गंध नाही आणि उद्यापरवा मोठमोठे मास्तर बाकांवर येऊन बसणार. त्यांच्यातल्या एकानं जरी कडोलीत न विचारलेला प्रश्न विचारला, तरी खेळ खलास.

सगळे गेल्यावर ते वर्गासाठी मिळालेलं निळं पुस्तक घेऊन सोप्यावर बसले. पानं आता मोकळी होती. एक डोळा मिटायची सवय लागलेली. ती मोडून त्यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि अगदी पहिल्यापासून सुरू केलं. प्रस्तावनेचं पहिलं पान त्यांना पाठ होतं. त्यांनी ते उलटलं आणि दुसरं पान वाचलं. मग परत वाचलं. मग त्यांनी इंदुताईला मोठ्यानं हाक मारली.

"काय झालं?" ती पीठ लागलेल्या हातांनी धावत आली.

"हितं लिहिलंय बघ. ज्याला ह्या शास्त्रातलं काहीही येत न्हाय, अशाच माणसासाठी हे पुस्तक लिहिलं आहे. त्यानं काही शिकून येण्याची गरज न्हाय. न शिकता आला तर उत्तम." मारुतीरावांना हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

"मग अवं, एवढे दिवस कशाला भ्यालासा?" इंदुताईनं विचारलं.

"ते पान मिटलेलं होतं गं," मारुतीराव म्हणाले.